सातारा शहरातील माध्यमिक शाळांची तुलना नववीच्या पटापासून व्हावी : एक खुले पत्र

प्रति,
मा. शिक्षणाधिकारी (माध्यमिक), जिल्हा परिषद, सातारा,
तसेच सातारा शहर व परिसरातील सर्व माध्यमिक शाळांचे मुख्याध्यापक, संस्थांचे पदाधिकारी आणि पालक-शिक्षक संघांचे सदस्य यांस

विषय : शहरातील माध्यमिक शाळांची तुलना केवळ दहावीच्या निकालाच्या टक्केवारीवर न होता नववीच्या पटापासून व्हावी, यासाठी शाळानिहाय माहिती प्रसिद्ध करण्याबाबत.

महोदय, महोदया,

सविनय नमस्कार. दहावीचा निकाल लागल्यापासून नव्या वर्षाचे प्रवेश पूर्ण होईपर्यंत आपल्या शहरातल्या घराघरांत एकच चर्चा चालू असते : मुलांना कोणत्या शाळेत घालायचे? या प्रश्नाचे उत्तर शोधणाऱ्या पालकांच्या हाती शाळेच्या निकालाची टक्केवारी आणि पहिल्या काही मुलांची गुणांसह छायाचित्रे असलेला फलक यांपलीकडे फारसे काही पडत नाही. पोवई नाक्यापासून राजवाड्यापर्यंत असे फलक लागतात, वर्तमानपत्रांत शाळांच्या निकालांचे रकाने येतात, आणि ज्या शाळेचा निकाल शंभर टक्के ती पहिली, ज्या शाळेचा ब्याण्णव टक्के ती मागची, अशी उतरंड लोकांच्या मनात पक्की होते. मी माध्यमिक शाळेत बरीच वर्षे गणित शिकवून निवृत्त झालो आहे. शाळांची तुलना होऊच नये, असे माझे म्हणणे मुळीच नाही. आपल्या मुलाची दहावीपर्यंतची वर्षे कोणाच्या हाती सोपवायची हे ठरवणाऱ्या पालकाला तुलना करण्याचा पूर्ण अधिकार आहे. माझे म्हणणे इतकेच आहे की आज होते ती तुलना चुकीच्या जागेपासून सुरू होते, त्यामुळे चांगले काम करणाऱ्या शाळांवर अन्याय होतो, आणि त्याहून मोठा अन्याय काही मुलांवर होतो.

हे पत्र सातारकरांपुढे ठेवण्याला कारण आहे. शिक्षणाच्या बाबतीत हे शहर साधे नाही. राजवाड्यातील प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, म्हणजे त्या वेळच्या सरकारी हायस्कुलात, ७ नोव्हेंबर १९०० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा प्रवेश झाला, आणि तो दिवस २०१७ पासून राज्यभर विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे न्यू इंग्लिश स्कूल येथे १८९९ पासून आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये काले येथे स्थापन केलेली रयत शिक्षण संस्था १९२४ मध्ये साताऱ्यात आली, आणि १९४० मध्ये याच शहरात महाराजा सयाजीरावांच्या नावाने संस्थेचे पहिले मोफत व वसतिगृहयुक्त हायस्कूल सुरू झाले. देशातली पहिली सैनिक शाळा १९६१ मध्ये साताऱ्यात उघडली. २०११ च्या जनगणनेत ज्या शहराची लोकसंख्या जेमतेम एक लाख वीस हजार होती, त्या शहराच्या मानाने हा वारसा फार मोठा आहे. या संस्था उभ्या राहिल्या तेव्हा त्यांची ओळख कोणासाठी दार उघडले यावरून झाली. किती टक्के लागले हा प्रश्न तेव्हा कोणी विचारला असेल असे मला वाटत नाही.

याच शाळांकडे तुलनेच्या दृष्टीने पाहिले, तर पहिली अडचण लगेच समोर येते. सैनिक शाळेत सहावीला किंवा नववीला प्रवेश मिळवायचा, तर अखिल भारतीय प्रवेश परीक्षा द्यावी लागते. तालुक्यातील खावली येथील जवाहर नवोदय विद्यालयात सहावीचा प्रवेश निवड चाचणीवर होतो आणि बहुतांश जागा ग्रामीण भागातील मुलांसाठी राखीव असतात. या दोन्ही शाळा निवासी आहेत, दोन्ही केंद्र सरकारच्या आधाराने चालतात आणि दोन्हींची दहावी केंद्रीय मंडळाची आहे. उलट जिल्हा परिषदेच्या हायस्कुलात किंवा शहरातल्या एखाद्या अनुदानित शाळेत परळी खोऱ्यातून, कासच्या पठाराकडच्या वाड्यांतून, कोरेगाव रस्त्यावरच्या गावांतून मुले येतात. त्यांतली कोणी गावच्या शाळेतून चौथी, कोणी सातवी करून आलेली असतात, आणि त्यांच्यासाठी प्रवेशाची कोणतीही चाळणी नसते. पहाटेची एसटी चुकली तर त्यांचा पहिला तास बुडतो. या सगळ्या सार्वजनिक पैशांवर चालणाऱ्या शाळाच आहेत आणि सगळ्या आपल्याच शहराच्या आसपास आहेत. तरीही निवडून घेतलेल्या मुलांच्या शाळेचा निकाल आणि येईल त्याला घेणाऱ्या शाळेचा निकाल एकाच रकान्यात छापला, तर वाचणाऱ्याला दोन्ही शाळांबद्दल काहीच कळत नाही. त्याला फक्त त्या शाळांत आलेल्या मुलांबद्दल काहीतरी कळते, आणि तेही अर्धवटच.

दुसरी अडचण टक्केवारीचीच आहे. दहावीच्या निकालाचा आकडा शाळेच्या अध्यापनाइतकाच मंडळाच्या नियमांवरही ठरतो, याचा सर्वांत स्पष्ट पुरावा २०१९ चा निकाल आहे. त्या वर्षी नव्या अभ्यासक्रमाबरोबर भाषा आणि अन्य काही विषयांचे शाळेने द्यायचे अंतर्गत गुण बंद झाले, आणि २०१८ मध्ये ८९.४१ टक्के असलेला राज्याचा निकाल एकदम ७७.१० टक्क्यांवर आला. पुढच्या वर्षी अंतर्गत गुण परत आले आणि निकाल ९५.३० टक्के लागला. २०२१ मध्ये करोनामुळे परीक्षाच झाली नाही, मूल्यमापन शाळांनी केले, तेव्हा निकाल ९९.९५ टक्के होता. महाराष्ट्रातले शिक्षक एका वर्षात बारा टक्क्यांनी वाईट झाले आणि लगेच अठरा टक्क्यांनी चांगले झाले, असे कोणी म्हणणार नाही. २०२५ मध्ये राज्याचा निकाल ९४.१० टक्के होता, आणि सातारा ज्यात येतो त्या कोल्हापूर विभागाचा ९६.८७ टक्के. विभागाचीच सरासरी इतकी वर असताना एका शाळेचा निकाल ९६ आणि दुसरीचा ९९ असेल, तर त्या तीन टक्क्यांत शिकवण्याच्या दर्जाचा फरक किती आणि निव्वळ योगायोग किती, हे सांगणे कोणत्याही गणिताच्या शिक्षकाला शक्य नाही. दहावीला चौदा मुले असलेल्या छोट्या शाळेत एक मूल नापास झाले, तरी निकाल सात टक्क्यांनी खाली येतो.

मात्र या दोन्ही अडचणी मला दुय्यम वाटतात. खरा प्रश्न टक्केवारी काढताना खाली कोणता आकडा घेतला जातो, हा आहे. मंडळाच्या निकालात शाळेची टक्केवारी दहावीच्या परीक्षेला नियमित विद्यार्थी म्हणून बसलेल्या मुलांवर काढली जाते. त्या मुलांबरोबर दोन वर्षांपूर्वी नववीच्या हजेरीपटावर आणखी कोण कोण होते, याची तिथे कुठेच दखल नसते. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. दोन शाळांत नववीला प्रत्येकी १२० मुले आली. पहिल्या शाळेतून १०० मुले दहावीला बसली आणि शंभरच्या शंभर उत्तीर्ण झाली. दुसऱ्या शाळेतून ११८ बसली, त्यांतली १०८ उत्तीर्ण झाली. फलकावर पहिल्या शाळेचा निकाल १०० टक्के आणि दुसरीचा ९१.५३ टक्के दिसेल. पण नववीत आलेल्या १२० मुलांचा हिशेब मांडला, तर पहिल्या शाळेने ८३ टक्के मुलांना दहावीच्या पार नेले आणि दुसरीने ९० टक्के. दुसऱ्या शाळेने कच्च्या मुलांना दूर केले नाही, त्यांना बसवले, त्यांच्यासाठी जादा तास घेतले, त्यांतली बरीचशी पार केली आणि दहा जणांचे अपयश स्वतःच्या नावावर घेतले. आजच्या तुलनेत या शाळेला त्याबद्दल शिक्षा मिळते.

नववीच का, असे कोणी विचारेल. शिक्षणाचा अधिकार कायदा, २००९ मुलाला सहा ते चौदा वर्षांपर्यंत, म्हणजे पहिली ते आठवीचे संरक्षण देतो. पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आणि नापास झाल्यास फेरपरीक्षा हा बदल अलीकडे झाला, तरी प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही. शालेय पोषण आहारही आठवीपर्यंतच आहे, मोफत पाठ्यपुस्तकेही आठवीपर्यंतच. नववीच्या पहिल्या दिवशी ही सगळी छत्रे एकदम बाजूला होतात, आणि नेमका त्याच वर्षी बीजगणित, भूमिती आणि विज्ञानाचा अभ्यास चढणीला लागतो. आठवीपर्यंत कशीबशी ओढत आलेली मुले नववीत उघडी पडतात. एखादे मूल घटक चाचणीत सलग नापास होते, शाळेत यायचे टाळते, कोणी गॅरेजमध्ये किंवा औद्योगिक वसाहतीत काम धरते, एखाद्या मुलीचे घरी लग्नाचे बोलणे सुरू होते. मुले शाळेतून हरवतात ती या वर्षी, आणि जी शाळा त्यांना हरवू देत नाही तिचे खरे कर्तृत्वही याच वर्षी दिसते.

याच टप्प्यावर राज्यभर चालणाऱ्या एका प्रथेबद्दल स्पष्ट बोलणे भाग आहे. मी कोणत्याही शाळेकडे बोट दाखवत नाही, मात्र शिक्षण क्षेत्रातल्या प्रत्येकाला ती ठाऊक आहे. नववीत मागे पडलेल्या मुलाच्या पालकांना बोलावून सांगितले जाते की याला नववीत ठेवावे लागेल, त्यापेक्षा दाखला घ्या आणि सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसवा, म्हणजे वर्ष वाचेल. सतरा नंबरचा अर्ज ही मुळात फार चांगली सोय आहे. शिक्षण अर्धवट सुटलेल्या स्त्रिया, नोकरी करणारे तरुण, आजारपणामुळे शाळेत जाऊ न शकणारी मुले यांना तिने दहावी गाठून दिली आहे. पण ती शाळा सुटलेल्यांसाठी आहे. शाळेत असलेल्या चौदा वर्षांच्या मुलाला शाळेबाहेर काढण्यासाठी ती नाही. खासगी विद्यार्थ्यांचा निकाल मंडळ वेगळा मोजते, त्यामुळे असे मूल शाळेच्या टक्केवारीतून निघून जाते. त्याबरोबर त्याचा रोजचा वर्ग जातो, प्रयोगशाळा जाते, मित्र जातात, त्याला रोज नावाने हाक मारणारे शिक्षक जातात. ज्या मुलाला शाळेची सर्वांत जास्त गरज होती, त्याच्याच हाती दाखला दिला जातो. पालकांना हा सल्ला हिताचा वाटतो, कारण 'वर्ष वाचेल' या शब्दांपुढे त्यांना काही सुचत नाही, आणि शाळेने सांगितले म्हणजे ते बरोबरच असणार, असे आपल्याकडे साधी माणसे अजूनही मानतात.

मुख्याध्यापकांना मी या प्रथेचे एकटे जबाबदार धरत नाही. निकाल खाली आला की संस्था जाब विचारते, पालक पुढच्या वर्षी दुसरी शाळा धरतात, पट कमी होतो, पट कमी झाला की संचमान्यतेत, म्हणजे पटानुसार शिक्षकांची पदे मंजूर होतात तेव्हा, पद जाते आणि एखादा शिक्षक अतिरिक्त ठरून त्याचे समायोजन दुसरीकडे होते. म्हणजे फलकावरच्या आकड्याला शिक्षकांच्या नोकऱ्या बांधलेल्या आहेत. अशा दडपणाखाली काम करणाऱ्या माणसाला नुसता उपदेश करून काही साधणार नाही. त्याने कच्चे मूल वर्गात ठेवले याचे श्रेय त्याला जाहीरपणे मिळेल, अशी मोजणीच बदलावी लागेल, आणि म्हणूनच हे पत्र शाळांबरोबर शिक्षणाधिकारी कार्यालयालाही लिहिले आहे.

माझी मागणी अशी आहे. शहर आणि परिसरातील प्रत्येक माध्यमिक शाळेने दरवर्षी जूनमध्ये एक पानाचे पत्रक प्रसिद्ध करावे आणि ते शाळेच्या दर्शनी फलकावर लावावे. त्यात सर्वांत वर नववीच्या तुकडीचा हिशेब असावा : दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये नववीच्या पटावर किती मुले होती, त्यांतली किती याच शाळेतून नियमित विद्यार्थी म्हणून दहावीला बसली, किती नववीत थांबली, किती दाखला घेऊन दुसऱ्या शाळेत गेली आणि तिथे खरोखर दाखल झाली, किती जणांनी सतरा नंबरचा अर्ज भरला, आणि किती जणांचा ठावठिकाणा शाळेकडे नाही. हा शेवटचा आकडा लिहिताना हात जड होईल, पण तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. त्याखाली मार्चच्या परीक्षेत किती उत्तीर्ण झाली, पुरवणी परीक्षेत आणखी किती झाली, आणि त्यांतली प्रावीण्य, प्रथम, द्वितीय आणि उत्तीर्ण श्रेणीत किती, हे यावे. पुरवणी परीक्षेचा आकडा पुढच्या पत्रकात आला तरी चालेल, पण यावा जरूर, कारण मार्चमध्ये गणितात अडकलेल्या मुलांना मे-जूनमध्ये बोलावून पुन्हा शिकवणारे शिक्षक आपल्या शहरात आहेत आणि त्यांच्या कामाची नोंद आज कुठेही होत नाही. मुलामुलींचे आकडे वेगळे द्यावेत. सेमी इंग्रजी आणि पूर्ण मराठी माध्यमाच्या तुकड्यांचेही वेगळे द्यावेत, कारण अनेक शाळांत गुणवान मुले सेमीच्या तुकडीत एकत्र केली जातात आणि दुसऱ्या तुकडीचे काय झाले, हे शाळेच्या एकूण टक्केवारीत झाकून जाते.

पत्रकाच्या दुसऱ्या भागात शाळेला काय मिळाले आहे, हे असावे. मंजूर पदे किती, त्यांतली भरलेली किती, गणित, विज्ञान आणि इंग्रजी शिकवायला त्या विषयाचे पात्र शिक्षक आहेत का, की तासिका तत्त्वावर काम भागवले जाते, हे पालकांना कळले पाहिजे. २०१२ पासून बराच काळ अनुदानित शाळांतील भरती जवळपास थांबली होती आणि नंतर पवित्र पोर्टलमार्फत सुरू झालेली भरतीही सावकाश चालली. त्या काळात निवृत्त झालेल्या शिक्षकांच्या जागा किती शाळांत वर्षानुवर्षे रिकाम्या राहिल्या, हे शिक्षणाधिकारी कार्यालयाइतके कोणालाच ठाऊक नाही. विज्ञानाचा शिक्षक नसलेल्या शाळेच्या निकालाची सर्व पदे भरलेल्या शाळेच्या निकालाशी तुलना करून पहिल्या शाळेला नावे ठेवणे, हा शासनाने आपल्या अंगावरची जबाबदारी शाळेवर ढकलण्याचा प्रकार होतो. रिकामी पदे त्याच पानावर छापली गेली, तर पालक शाळेला जाब विचारण्याआधी शासनाला विचारतील, आणि ते योग्यच होईल. मुले किती अंतरावरून येतात, किती जण एसटीने येतात, आणि आठवीत किंवा नववीत बाहेरून आलेल्यांचे प्रमाण किती, हेही याच भागात द्यावे.

या पत्रकांवरून शाळांचे क्रमांक मात्र कोणी लावू नयेत. मी गणिताचा शिक्षक असूनही हे आग्रहाने सांगतो, कारण पंधरा वेगवेगळे आकडे एका गुणात गुंडाळून पहिला, दुसरा, तिसरा ठरवला की पुन्हा तेच होणार : शाळा क्रमांकासाठी धावणार आणि मूल बाजूला राहणार. ज्या पालकाची मुलगी अभ्यासात हुशार आहे त्याला एक आकडा महत्त्वाचा वाटेल. ज्याचा मुलगा नववीत दोनदा आजारी पडला त्याला दुसरा वाटेल, तर मेढ्याकडून रोज ये-जा करणाऱ्या मुलाच्या आईला तिसरा. प्रत्येकाने पान वाचून आपला निर्णय घ्यावा. छोट्या शाळांसाठी तीन वर्षांचे आकडे एकत्र द्यावेत, म्हणजे एका मुलाच्या निकालाने शाळेची प्रतिमा बदलणार नाही. एखाद्या गटात अगदी मोजकी मुले असतील तर तिथे आकडा न छापता फक्त तशी नोंद करावी, म्हणजे कोणत्याही मुलाची ओळख उघड होणार नाही. सैनिक शाळा आणि नवोदय विद्यालय यांनी असे पत्रक स्वेच्छेने काढले तर आनंदच आहे, पण त्यांचे पान वेगळ्या विभागात असावे आणि त्यावर प्रवेश निवड परीक्षेने होतो, हे वरच लिहिलेले असावे.

हे काम शाळांवर आणखी एक ओझे ठरेल, असा आक्षेप येईल, आणि शिक्षकांवर आधीच किती माहिती भरण्याचे काम आहे हे मी जवळून पाहिले आहे. पण इथे नवी माहिती गोळा करायचीच नाही. शाळांच्या माहितीच्या यू-डायस या सरकारी प्रणालीत प्रत्येक शाळेचा क्रमांक आहे, इयत्तानिहाय पट दरवर्षी त्या प्रणालीत भरला जातो, आणि अलीकडे तर प्रत्येक विद्यार्थ्याची स्वतंत्र नोंद ठेवली जाते. नववीत असलेले मूल पुढच्या वर्षी कुठे आहे, हे त्या नोंदीतून कळते. दाखले शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये असतात. दहावीचे आकडे मंडळाकडे आहेत, पदांची माहिती संचमान्यतेच्या आदेशात आहे. सगळे आकडे आधीच लिहिलेले आहेत, फक्त वेगवेगळ्या कपाटांत आणि संगणकांत आहेत. ते एका पानावर आणायला एका लिपिकाचे फार तर दोन-तीन दिवस लागतील. शिक्षणाधिकारी कार्यालयाने एक नमुना तयार करून दिला, तर सगळ्या शाळांची पाने एकसारखी होतील आणि कोणाला सोयीचे आकडे निवडून छापता येणार नाहीत.

शाळांच्या मूल्यांकनाच्या योजना आपल्याकडे कमी नाहीत, आणि त्यांचे मोल मी नाकारत नाही. शाळासिद्धीमध्ये सात क्षेत्रांतल्या ४६ मानकांवर शाळा स्वतःचे मूल्यमापन करते. मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा या अभियानात परिसर, उपक्रम, स्वच्छता यांची स्पर्धा होऊन बक्षिसे दिली गेली. ४ डिसेंबर २०२४ रोजी झालेल्या परख राष्ट्रीय सर्वेक्षणात तिसरी, सहावी आणि नववीच्या मुलांची चाचणी झाली, पण ती नमुना निवडून घेतलेली असल्यामुळे तिचे निष्कर्ष जिल्ह्याबद्दल बोलतात, गल्लीतल्या शाळेबद्दल बोलत नाहीत. रंगवलेल्या भिंती आणि फुललेली बाग मलाही आवडते. पण नववीत आलेल्या मुलांपैकी किती जण दहावीच्या पार गेले, हा साधा प्रश्न यांतल्या कोणत्याही योजनेच्या केंद्रस्थानी नाही, आणि पालकाला तर तोच विचारायचा असतो.

संस्थांच्या पदाधिकाऱ्यांना माझी वेगळी विनंती आहे. मुख्याध्यापकांच्या कामाचा आढावा घेताना पहिला प्रश्न शंभर टक्क्यांचा विचारू नका. नववीत किती आले आणि किती पोहोचले, हे आधी विचारा. ज्यांनी गरिबांच्या मुलांसाठी वसतिगृहे काढली, घरोघर फिरून धान्य आणि देणग्या गोळा करून शाळा उभ्या केल्या, त्यांच्या नावाने चालणाऱ्या संस्थांना हा प्रश्न परका वाटू नये. पहिल्या आलेल्या मुलांचे कौतुक जरूर करा, त्यांनी ते कष्टाने मिळवले आहे. त्याच फलकावर नववीचा पट आणि दहावीला बसलेल्यांची संख्या, हे दोन आकडे छापा. फलक लावणाऱ्याला त्यासाठी जादा पैसे पडत नाहीत.

पालकांनीही प्रवेश घेताना कार्यालयात दोन प्रश्न जरूर विचारावेत. माझे मूल नववीत मागे पडले तर शाळा काय करेल, हा पहिला. गेल्या वर्षी नववीत असलेली सगळी मुले आज दहावीच्या वर्गात आहेत का, हा दुसरा. ज्या शाळेत या प्रश्नांची उत्तरे सरळ मिळतील, सकाळचे जादा तास, सायंकाळची अभ्यासिका, घरी जाऊन येणारे वर्गशिक्षक यांची माहिती मिळेल, त्या शाळेचा निकाल ब्याण्णव टक्के असला तरी ती निर्धास्तपणे निवडावी, असे मी माझ्या अनुभवावरून सांगतो. आणि कोणी तुम्हाला दाखला घेऊन सतरा नंबरचा अर्ज भरण्याचा सल्ला दिला, तर तो लेखी मागा. मूल नववीत थांबले तरी चालेल, पण ते शाळेत थांबले पाहिजे.

२०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश संपूर्ण राज्यात केंद्रीय ऑनलाइन पद्धतीने होऊ लागले आहेत, म्हणजे सातारा शहरातील मुलेही आता गुणांच्या एकाच यादीत येतात. त्यामुळे दहावीच्या गुणांचा दबाव वाढणार, शाळांची आपसांतली स्पर्धा वाढणार, आणि कच्च्या मुलांना वेळीच बाहेरची वाट दाखवण्याचा मोहही वाढणार. यंत्रणा सुधारायची असेल, तर तो मोह सवय बनण्याआधीच सुधारावी लागेल.

तरी मा. शिक्षणाधिकारी यांनी मुख्याध्यापक संघाबरोबर बैठक घेऊन पत्रकाचा नमुना दिवाळीच्या सुट्टीपूर्वी ठरवावा, पहिल्या वर्षी केवळ सातारा शहर आणि परिसरातील शाळांपुरता तो लागू करावा, आणि येत्या जूनमध्ये शाळा उघडतील त्या दिवशी ही पाने फलकांवर लागावीत, अशी माझी विनंती आहे. आकडे जुळवण्यात आणि तपासण्यात शाळांना मदत हवी असेल, तर शहरातील आम्ही काही निवृत्त शिक्षक विनामोबदला यायला तयार आहोत. कार्यालयाने सांगितले तर पहिल्या बैठकीला नमुन्याचा कच्चा मसुदा आम्ही सोबत आणू.

आपला विश्वासू,
एक निवृत्त माध्यमिक शिक्षक,
सातारा